इनपुट-आउटपुट रेझिस्टन्स दर वेळी वेगळा येतो? आधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. सर्किट तेच, सप्लाय तोच, तरी इनपुट रेझिस्टन्स एकदा २.५ किलोओहम येतो, परत मोजला की १.८, आणि प्रोब बदलला की तिसराच. गणिताने १ मेगाओहम यायला हवा तिथे १४० किलोओहम हाती लागतो. एमिटर फॉलोअरचा (ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून आउटपुट घेणाऱ्या सर्किटचा) आउटपुट रेझिस्टन्स २५ ओहमच्या आसपास असायला हवा, तो अडीचशे दिसतो. मग ट्रान्झिस्टर बदलला जातो, ब्रेडबोर्ड बदलला जातो, सगळं पुन्हा सोल्डर होतं, आणि आकडा काही जागेवर येत नाही.

अशा वेळी सर्किटमध्ये बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड मोजण्याच्या मांडणीत असतो आणि तो पद्धतशीर शोधता येतो.

एक गोष्ट आधी पक्की करू. इनपुट रेझिस्टन्स किंवा आउटपुट रेझिस्टन्स म्हणजे सर्किटमध्ये कुठेतरी बसवलेला रेझिस्टर नव्हे. सर्किट आपल्या नेहमीच्या बायसवर, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरला दिलेल्या स्थिर डीसी व्होल्टेज-करंटवर, चालू असताना व्होल्टेजमध्ये थोडा बदल केला तर करंट किती बदलतो, त्याचं ते गुणोत्तर आहे. थेवेनिनने १८८३ साली मांडलेलं प्रमेय (दोन टोकांतून पाहिलं तर सर्किट म्हणजे एक व्होल्टेज सोर्स आणि त्याच्या मालिकेत एक रेझिस्टन्स) आपण इथे वापरतो आणि ते रेषीय सर्किटपुरतंच खरं आहे. म्हणून मोजताना बायस हलला, वेव्हफॉर्म कापला गेला, मीटर स्वतःच सर्किटचा भाग होऊन बसला किंवा एखादा कपॅसिटर मध्ये आला, की गणित बिनचूक असूनही उत्तर चुकतं. खाली जे दोष सांगतो आहे त्यांतले बरेचसे फिरून याच चार कारणांपाशी येतात.

ओहमच्या रेंजवर मल्टीमीटर लावू नका

हे सगळ्यात आधी, कारण सुरुवात बहुतेकांची इथूनच होते. ओहमच्या रेंजवर मल्टीमीटर स्वतःचा डीसी करंट सर्किटमध्ये ढकलतो. इनपुटला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) असेल तर तो चार्ज होत जातो, आकडा वर वर चढतो आणि शेवटी मीटर ओव्हरलोड दाखवतो. कपॅसिटर नसेल तर मीटरच्या करंटनेच बायस सरकतो, आणि तारा उलट्या केल्या की आकडा बदलतो. सप्लाय बंद ठेवून मोजलं तरी उपयोग नाही. ट्रान्झिस्टरच्या बेसकडे दिसणारा रेझिस्टन्स कलेक्टर करंटवर अवलंबून असतो. करंटच नसेल तर जे मोजायचं आहे ते तिथे नसतंच. आणि सप्लाय चालू ठेवून ओहमची रेंज लावली तर सर्किटचं व्होल्टेज मीटरमध्ये घुसतं, त्यात मीटर खराब होण्याचीही शक्यता असते.

मूळ पद्धत, एका उदाहरणावर

सिग्नल जनरेटर आणि इनपुट यांच्यामध्ये एक माहितीचा रेझिस्टर मालिकेत घालायचा आणि सिग्नल किती पडतो ते पाहायचं. पुस्तकात रेझिस्टरच्या दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजायला सांगतात. माझा आग्रह वेगळा आहे: इनपुटला हातच लावू नका, दोन्ही रीडिंग आउटपुटवर घ्या. एक रीडिंग रेझिस्टर शॉर्ट करून, दुसरं रेझिस्टर मध्ये ठेवून. ॲम्प्लिफायर रेषीय चालत असेल तर आउटपुट ज्या प्रमाणात पडला त्याच प्रमाणात इनपुट पडलेला असतो, आणि प्रोबचा भार नाजूक जागेवर येत नाही.

इनपुट रेझिस्टन्स + सोर्सचा रेझिस्टन्स = मालिकेतला रेझिस्टर × दुसरं रीडिंग ÷ (पहिलं रीडिंग − दुसरं रीडिंग)

आता एक नेहमीचा कॉमन एमिटर टप्पा घ्या. सप्लाय १२ व्होल्ट, बेसला ४७ किलोओहम आणि १० किलोओहम, कलेक्टरला ४.७ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड, इनपुटला १ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. ट्रान्झिस्टर बीसी ५४७ सारखा, बीटा (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो तो आकडा) २०० धरू. बेस करंटचा भार जमेस धरला तर एमिटरवर सुमारे १.४ व्होल्ट, म्हणजे करंट १.४ मिलिॲम्पिअर आणि कलेक्टर सुमारे ५.४ व्होल्टवर. एमिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स २५ मिलिव्होल्ट (खोलीच्या तापमानाला धरायचा ठरलेला आकडा) भागिले १.४ मिलिॲम्पिअर, म्हणजे १८ ओहमच्या जवळपास. त्याला बीटाने गुणलं की बेसकडून ३.६ किलोओहम दिसतात, आणि बायसचे दोन रेझिस्टर समांतर धरले की इनपुट रेझिस्टन्स २.५ किलोओहमच्या आसपास येतो.

याचा गेन, म्हणजे आउटपुट इनपुटच्या किती पट, तो अडीचशेच्या घरात आहे. म्हणून इनपुटला फक्त काही मिलिव्होल्ट द्यायचे. बहुतेक जनरेटर इतक्या खाली स्वच्छ सिग्नल देत नाहीत. जनरेटरच्या तोंडाशी १० किलोओहम आणि १०० ओहमचा डिव्हायडर लावा: सिग्नल १०१ पट खाली येतो आणि सर्किटला दिसणारा सोर्स रेझिस्टन्स ९९ ओहम होतो. जनरेटरवर ०.६ व्होल्ट पीक-टू-पीक ठेवला की आउटपुटला १.४ व्होल्टच्या आसपास मिळतात. आता २.७ किलोओहम मालिकेत घाला. आउटपुट १.४० वरून ०.६८५ वर आला असं समजा. २७०० गुणिले ०.६८५ भागिले ०.७१५ म्हणजे २५८७. त्यातून ९९ वजा केले की २४८८ ओहम. गणिताशी जुळलं.

सोर्सचा रेझिस्टन्स वजा करायला विसरणं हा फार नित्याचा दोष आहे. इथे तो विसरला तर चार टक्क्यांचा फरक पडतो. कॉमन बेस टप्प्यात, जिथे इनपुट रेझिस्टन्सच २५ ओहमच्या घरात असतो, तिथे जनरेटरचे ५० ओहम उत्तराच्या दुप्पट भरतात. जनरेटरच्या पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडाही जपून घ्या. पुष्कळ जनरेटर ५० ओहमचा लोड गृहीत धरून आकडा दाखवतात, मोकळ्या टोकाला प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट व्होल्टेज असतं. एक रीडिंग पडद्यावरून आणि दुसरं मीटरवरून घेतलं की उत्तराचं वाटोळं होतं. दोन्ही रीडिंग एकाच मीटरवर, एकाच जागी आणि एकाच रेंजवर घेतली तर मीटरची चूकही बरीचशी कापली जाते.

मालिकेतला रेझिस्टर साधारण अपेक्षित उत्तराएवढाच का घ्यायचा, याला कारण आहे. आउटपुट निम्म्यावर आला असेल आणि गुणोत्तरात १ टक्का चूक असेल तर उत्तरात २ टक्के चूक येते. रेझिस्टर फार लहान घेतला आणि आउटपुट फक्त ५ टक्के पडला, तर तीच १ टक्क्याची चूक उत्तरात २० टक्के होऊन बसते. ‘परत मोजला की वेगळा येतो’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

कोणता दोष आहे हे कसं ओळखायचं

उत्तर पटत नसेल तर अंदाजाने वस्तू बदलत बसू नका. मांडणीतली एकेक गोष्ट मुद्दाम बदला आणि उत्तर हलतं का ते पाहा.

सिग्नल निम्मा करा. उत्तर बदललं तर कुठेतरी क्लिपिंग आहे (वेव्हफॉर्म कापला जातो आहे), बायस सरकतो आहे किंवा सिग्नल इतका लहान झाला आहे की मेन्सची गुणगुण आणि नॉइजच मोजला जातो आहे. मग फ्रिक्वेन्सी तिपटीने वर-खाली करा. वर जाताना इनपुट रेझिस्टन्स कमी दिसू लागला तर इनपुटला समांतर कपॅसिटन्स आहे. खाली जाताना वाढू लागला तर कपलिंग कपॅसिटरचा रिॲक्टन्स (फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा त्याचा अडथळा) त्यात मिसळतो आहे. त्यानंतर मालिकेतला रेझिस्टर बदला, समजा अर्धा करा आणि मग दुप्पट. शुद्ध रेझिस्टन्स असेल तर तिन्ही वेळा एकच उत्तर यायला हवं. कपॅसिटन्स किंवा गुणगुण असेल तर उत्तर सरकत जातं. आणि प्रोबचा संशय असेल तर त्याच बिंदूला दुसरा तसाच प्रोब लावा. आउटपुट खाली आला तर पहिल्या प्रोबनेही जवळपास तेवढंच नुकसान आधीच केलेलं आहे.

या चाचण्यांना थोडाच वेळ लागतो, आणि त्यांनी कारण सापडतं. सुटे भाग बदलून ते सापडत नाही.

मेगाओहमच्या घरात: केबल हा मुख्य आरोपी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

टीएल०७२ सारखा जेएफईटी इनपुटचा ऑप-ॲम्प फॉलोअर म्हणून (इनपुटचंच व्होल्टेज आउटपुटला देणारा) लावला आहे आणि इनपुटला जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे. ऑप-ॲम्पचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स इतका प्रचंड असतो की उत्तर १ मेगाओहमच यायला हवं. मालिकेत १ मेगाओहम घातला. सोयीचं म्हणून तो जनरेटरच्या टोकाला लावला आणि तिथून एक मीटरची कोॲक्स केबल सर्किटपर्यंत आणली. नेहमीच्या ५० ओहमच्या कोॲक्सला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. सर्किट आणि जोडण्यांचे २५ पिकोफॅरड धरा. एकूण १२५.

दोन १ मेगाओहम समांतर दिसतात, म्हणजे ५०० किलोओहम. त्यांच्यासोबत १२५ पिकोफॅरड. कोपरा फ्रिक्वेन्सी, जिच्यापुढे कपॅसिटर सिग्नल झपाट्याने पाडू लागतो ती, येते २.५ किलोहर्ट्झच्या जरा वर. त्यामुळे १ किलोहर्ट्झवरच सिग्नल ७ टक्के जादा पडलेला असतो. गुणोत्तर ०.५ ऐवजी ०.४६५ येतं आणि उत्तर निघतं ८७० किलोओहम. कोणीतरी म्हणतं, टॉलरन्स असेल. मग १० किलोहर्ट्झवर मोजतात आणि उत्तर येतं १४१ किलोओहम! इथे ऑप-ॲम्प जळला म्हणून फेकून दिला जातो, पण दोष केबलचा आहे.

उपाय एकच: मालिकेतला रेझिस्टर इनपुटच्या पिनला खेटून लावा, त्याची सर्किटकडची तार जितकी आखूड करता येईल तितकी करा. केबल आता रेझिस्टरच्या जनरेटरकडच्या बाजूला गेली. तिथे ५० ओहमचा सोर्स तिला सहज चालवतो, १०० पिकोफॅरडचा काही परिणाम होत नाही. इनपुटला राहिले फक्त २५ पिकोफॅरड, कोपरा फ्रिक्वेन्सी गेली जवळजवळ १२.७ किलोहर्ट्झवर, आणि १ किलोहर्ट्झवर उत्तर येतं ९९४ किलोओहम. तोच रेझिस्टर, तीच केबल, फक्त दोघांचा क्रम बदलला.

आता प्रोब. स्कोपचा इनपुट स्वतः १ मेगाओहमचा असतो. एक-पट प्रोबने थेट इनपुटवर मोजलं तर १ मेगाओहमला १ मेगाओहम समांतर, उत्तर ५०० किलोओहम. शिवाय प्रोबच्या केबलचा कपॅसिटन्स आलाच. दहा-पट प्रोब १० मेगाओहमचा, त्याने ९०९ किलोओहम दिसतील. हातातल्या डिजिटल मल्टीमीटरचा डीसी व्होल्टच्या रेंजवर बहुधा १० मेगाओहम इनपुट असतो, एसीला कमीही असू शकतो. तुमच्या मीटरचा डीसी रेंजवर किती आहे हे स्वतः पाहता येतं: ९ व्होल्टची बॅटरी थेट मोजा, मग १० मेगाओहमच्या रेझिस्टरमधून मोजा. आकडा निम्मा झाला तर मीटर १० मेगाओहमचा. तरीही आउटपुटवर मोजणं हाच खरा तोडगा, कारण तिथे १ मेगाओहमच्या प्रोबने काही बिघडत नाही.

एक चूक इथे आवर्जून सांगायला हवी. मालिकेतल्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज थेट पाहायचं म्हणून काही जण स्कोपच्या प्रोबचं टोक एका बाजूला आणि जमिनीची क्लिप दुसऱ्या बाजूला लावतात. स्कोप आणि जनरेटर दोघांची जमीन अर्थिंगमधून एकच असते. क्लिप लावताक्षणी इनपुट जमिनीला शॉर्ट होतो. तसं मोजायचंच असेल तर दोन चॅनल लावून त्यांची वजाबाकी घ्या, आणि दोन्ही प्रोबचा भार लक्षात ठेवा.

मेगाओहमच्या मांडणीत मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण हमखास शिरते. मीटर तिलाही सिग्नलमध्येच धरतो, त्यामुळे दुसरं रीडिंग फुगतं आणि इनपुट रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा जास्त निघतो. जनरेटर शून्यावर आणून मीटर किती दाखवतो ते आधी पाहा. सर्किट धातूच्या डब्यात ठेवा, डबा जमिनीला जोडा. फ्रिक्वेन्सी ५० किंवा १०० हर्ट्झ ठेवू नका. १३० हर्ट्झसारखी ठेवा, म्हणजे स्कोपवर गुणगुण वेगळी ओळखू येते.

ट्रान्झिस्टरचा लपलेला कपॅसिटर

कॉमन एमिटर टप्प्यात कलेक्टर आणि बेस यांच्यामधला काही पिकोफॅरडचा कपॅसिटन्स इनपुटकडून गेनच्या पटीत मोठा दिसतो. याला मिलर परिणाम म्हणतात. वरच्याच टप्प्यात तो ४ पिकोफॅरड आणि गेन २५० धरला तर इनपुटला सुमारे १००० पिकोफॅरड लागल्यासारखं होतं. १० किलोहर्ट्झवर त्याचा रिॲक्टन्स १६ किलोओहम, २.५ किलोओहमपुढे फार जाणवत नाही. १०० किलोहर्ट्झवर तोच १.६ किलोओहम होतो आणि रेझिस्टन्सपेक्षा तोच वरचढ ठरतो. त्यात आउटपुटला लोड लावला की गेन घटतो, हा कपॅसिटन्सही घटतो, आणि इनपुटचं उत्तर पुन्हा बदलतं. अशा टप्प्याचा इनपुट रेझिस्टन्स म्हणून जो आकडा हवा आहे तो १ किलोहर्ट्झच्या आसपास मोजा. वरच्या फ्रिक्वेन्सीवर जे मोजलं जातं तो इम्पीडन्स (रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स मिळून), त्याला रेझिस्टन्स म्हणून नोंदवू नका.

आउटपुट रेझिस्टन्स

मोकळ्या आउटपुटचं व्होल्टेज घ्या, लोड लावून परत घ्या:

आउटपुट रेझिस्टन्स = लोड × (मोकळं रीडिंग ÷ लोडसह रीडिंग − १)

वरच्याच टप्प्यात मोकळा आउटपुट १.४० व्होल्ट आणि ४.७ किलोओहम लोडवर ०.७२३ आला, तर उत्तर ४.४ किलोओहम. कलेक्टरचा रेझिस्टर ४.७ आहे, मग ४.४ का, असा प्रश्न येतो. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स त्याला समांतर आहे, दहा किलोओहमच्या कित्येक पट. ही मोजमापाची चूक नाही.

मात्र लोड कपलिंग कपॅसिटरच्या पलीकडेच लावा. तो थेट कलेक्टरवरून जमिनीला लावला तर कलेक्टर ५.४ व्होल्टवरून २.७ च्या आसपास उतरतो, ट्रान्झिस्टरवर फक्त १.३ व्होल्ट उरतात आणि तुम्ही मोजता आहात ते दुसरंच सर्किट. लोड लावण्याआधी आणि नंतर कलेक्टरचं डीसी व्होल्टेज एकदा पाहून घ्या. ते हललं असेल तर पुढचं काही मोजू नका.

एमिटर फॉलोअरमध्ये फसगत वेगळ्या जागी होते. १२ व्होल्टचा सप्लाय, बेसला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर, एमिटरला ४.७ किलोओहम. करंट १.१ मिलिॲम्पिअरच्या जवळपास. आउटपुट रेझिस्टन्स सुमारे २५ ओहम अपेक्षित. मोकळा असताना २ व्होल्ट पीकचा साइन सुरेख दिसतो. आता कपॅसिटरमधून ४७० ओहमचा लोड लावा. वरच्या अर्ध्या लाटेला ट्रान्झिस्टर हवा तेवढा करंट देतो, पण खालच्या अर्ध्या लाटेत करंट ओढून घ्यायला फक्त एमिटरचा रेझिस्टर आहे. खालची बाजू अर्ध्या व्होल्टच्या आतच सपाट कापली जाते. मल्टीमीटरला हे दिसत नाही. तो फक्त आकडा कमी दाखवतो. समजा १०० चे ६५ झाले. सूत्रात घातलं की २५३ ओहम! सुरुवातीला म्हटलेले अडीचशे ओहम ते हेच. स्कोप लावला असता तर एका नजरेत कळलं असतं. म्हणून आउटपुट रेझिस्टन्स मोजताना लोड लावलेला वेव्हफॉर्म स्कोपवर पाहिल्याशिवाय आकडा लिहून घेऊ नका. स्कोप नसेल तर सिग्नल निम्मा करून तेच उत्तर येतं का पाहा, येईपर्यंत कमी करत जा.

लोड आणखी कमी, ४७ ओहम घेतला तर न कापता मिळणारा सिग्नल ५० मिलिव्होल्ट पीकच्या आसपासच असतो, म्हणून २० मिलिव्होल्टवर काम करा. आणि कपलिंग कपॅसिटरकडे पाहा. १० मायक्रोफॅरडचा १ किलोहर्ट्झवर रिॲक्टन्स १६ ओहम. तो रेझिस्टन्सशी काटकोनात बेरजेला येतो म्हणून उत्तर २५ ऐवजी २७ येतं, चालून जातं. १०० हर्ट्झवर तो १५९ ओहम होतो आणि उत्तर येतं १२७ ओहम. कमी फ्रिक्वेन्सीवर मोजायचं असेल तर कपॅसिटर मोठा लावा.

स्वस्त मल्टीमीटरची एसी रेंज बहुतेक काही शे हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते. तिच्यावर १० किलोहर्ट्झ मोजून निष्कर्ष काढू नका. शिवाय साधा मीटर सरासरी मोजून ती साइनसाठी बदलून दाखवतो. वेव्हफॉर्म बिघडला की तो आकडा निरर्थक.

ऑप-ॲम्पचं आउटपुट अर्ध्यावर आणू नका

‘व्होल्टेज निम्मं होईपर्यंत लोड वाढवा, तो लोड म्हणजेच आउटपुट रेझिस्टन्स’ ही युक्ती फीडबॅक असलेल्या आउटपुटला लावू नका. ७४१ चा फीडबॅकविना आउटपुट रेझिस्टन्स ७५ ओहम सांगितला जातो. फॉलोअर म्हणून लावला की १ किलोहर्ट्झवर लूप गेन (फीडबॅकच्या फेऱ्यातला एकूण गेन) १००० च्या आसपास असतो, म्हणून बाहेरून दिसतात ०.०७५ ओहम. निम्मं व्होल्टेज करायला तेवढाच लोड हवा. त्याच्या कितीतरी आधी ऑप-ॲम्पची करंट मर्यादा, सुमारे २५ मिलिॲम्पिअर, आडवी येते. तुम्ही मर्यादा मोजता, रेझिस्टन्स नाही. पॉवर ॲम्प्लिफायरवर हाच प्रयोग केला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.

इथे उलट दिशेने जा. ऑप-ॲम्पच्या इनपुटला सिग्नल देऊ नका, तो जमिनीला जोडा. जनरेटरचा सिग्नल १ किलोओहममधून आउटपुटमध्ये घाला. १० व्होल्ट पीक-टू-पीक दिला तर साडेनऊ मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट आत जातो आणि ०.०७५ ओहमवर ०.७ मिलिव्होल्ट दिसतात. करंट नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या वेगळ्या ठेवा. मोजणाऱ्या तारा थेट पिनला लावा. ब्रेडबोर्डचा एक सैल संपर्कही या आकड्याएवढा रेझिस्टन्स आणू शकतो. फ्रिक्वेन्सी दहापट वाढवली की लूप गेन दहापट घटतो आणि आउटपुट रेझिस्टन्स दहापट वाढतो. तसा वाढला तर मोजमाप बरोबर चाललं आहे असं समजा. न वाढता एकाच आकड्यावर अडून राहिला तर तुम्ही तारेचा रेझिस्टन्स मोजता आहात.

दुसऱ्या टोकाला काय जोडलं आहे?

हा मुद्दा फार जण सोडून देतात, आणि सगळं नीट करूनही उत्तर प्रत्यक्ष वापरात खोटं ठरतं. वरच्याच फॉलोअरला ५० ओहमच्या जनरेटरने चालवलं तर आउटपुट रेझिस्टन्स २५ ओहम. तोच ५० किलोओहमच्या सोर्सने चालवला तर बेसकडून, बायसचे रेझिस्टर धरून, २५ किलोओहम दिसतात. त्याला बीटा २०० ने भागलं की १२५, अधिक २५, म्हणजे १५० ओहम. सहापट. दोन्ही मोजमापं खरी आहेत, फक्त दुसरं तुमच्या सर्किटला लागू आहे. इनपुटचंही तसंच: फॉलोअर मोकळा असताना इनपुट रेझिस्टन्स साडेसत्तेचाळीस किलोओहम, आणि ४७० ओहम लोडवर बत्तीस. म्हणून आउटपुट मोजताना इनपुटला प्रत्यक्ष सोर्सएवढा रेझिस्टर ठेवा, आणि इनपुट मोजताना आउटपुटला प्रत्यक्ष लोड. आकड्यासोबत फ्रिक्वेन्सी, सिग्नलची पातळी, सोर्स आणि लोड हे चारही लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

तरीही आकडा नाचतच असेल तर

हात जवळ नेला की रीडिंग बदलतं, लोड लावला की बायस विनाकारण हलतो, अशी लक्षणं असतील तर सर्किट ऑसिलेट होत असण्याची दाट शक्यता आहे. एमिटर फॉलोअरला लांब केबलचा कपॅसिटिव्ह लोड लागला की हे सहज होतं, आणि फ्रिक्वेन्सी इतकी वर असू शकते की साध्या स्कोपवर नुसती जाड झालेली रेघ दिसते. बेसच्या पिनला खेटून ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर घाला, सप्लायला सर्किटजवळ १०० नॅनोफॅरड लावा, ऑप-ॲम्प असेल तर केबलच्या आधी आउटपुटला मालिकेत ४७ ओहम द्या आणि मोजमाप मात्र त्या ४७ ओहमच्या आधी घ्या.

मांडणीवरच शंका असेल तर तिची परीक्षा माहितीच्या गोष्टीवर घ्या. आउटपुटच्या पद्धतीसाठी जनरेटरच पुरेसा आहे: मोकळं १ व्होल्ट ठेवा, ४७ ओहम लोड लावा, ०.४८५ व्होल्टच्या आसपास यायला हवं. इनपुटच्या पद्धतीसाठी सर्किटच्या इनपुटला अपेक्षित उत्तराएवढाच एक रेझिस्टर जमिनीकडे समांतर लावा आणि परत मोजा. उत्तर निम्म्यावर यायला हवं. या दोन्ही चाचण्या जुळेपर्यंत सर्किटवर सोल्डरिंग आयर्न नेऊ नका.